परक्या बहिणीचा मुऱ्हाळी

बुऱ्हाणपूर,
वैशाख वद्य पंचमी

तीर्थरूप शारदाताईस,

धाकट्या अरविंदचा दंडवत. तो घरात घ्यायचा की उंबऱ्याबाहेरच ठेवायचा हे सर्वस्वी तुझ्यावर, पण पत्र फाडण्याआधी पहिलं पान तरी वाच, कारण अक्षर मी मुद्दाम मोठं काढलं आहे. तुझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं कमलकडून कळलं (तिला कुठून कळलं देव जाणे; बायकोला सगळंच कळतं). आता नीट दिसतं का? थेंब वेळेवर घालतेस का? दाजींचा खोकला कसा आहे? अमळनेरलाही ऊन आमच्याइतकंच असेल. इथे दुपारी तापीच्या वाळूत पाय ठेवला तर भाजतो. मी ठीक आहे. खालचे दोन दात गेले, त्यामुळे इंग्रजी पूर्वीपेक्षा चांगलं बोलतो असं कमल म्हणते.

सात वर्षांत तुला पत्र नाही, फोन नाही. (फोन मी दोनदा केला. तुझ्या रोहितने मला त्या यादीत टाकलंय जिथे कर्ज हवंय का विचारणाऱ्या बायका असतात.) कारण तुलाही माहीत आहे, मलाही, पण एकदा कागदावर स्वच्छ लिहून टाकतो. हिमानीच्या लग्नाची पत्रिका आली, त्यात इंग्रजी बाजूला मामा या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि त्याच्या पुढे माझं नाव होतं. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप लाल पेनाकडे जातो. मी सात चुका काढल्या, खाली ‘दहापैकी चार, हस्ताक्षर सुधारा’ असा शेरा मारला (छापील पत्रिकेला हस्ताक्षर कुठलं, हे नंतर लक्षात आलं) आणि ती परत धाडली. लग्नाला आलो नाही. तू निरोप पाठवलास की माझ्या दारात पाऊल ठेवू नको. तुझी मी जन्मात पाळलेली एवढी एकच आज्ञा. त्यानंतर सात अक्षय तृतीया, सात आखाज्या गेल्या आणि तुला माहेरी आणायला बुऱ्हाणपुराहून कुणी गेलं नाही. दरवर्षी आखाजीच्या रात्री आमच्याकडे पुरण शिजतं आणि कमल पहिला घास घेताना माझ्याकडे बघते. ती काही बोलत नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

यंदाच्या आखाजीला मात्र जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. कौतिक आठवतो ना? फोपनारचा. सायकलच्या कॅरिअरला केळीचा घड बांधून कॉलेजात यायचा तो. आपल्या आईने त्याला आधी जेवायला वाढलं होतं आणि मग नाव विचारलं होतं. तू आखाजीला आलीस की त्या आठवड्यातला घड तुझ्या नावाचा असायचा, आणि तू सासरी परत निघालीस की तो तुझी पेटी डोक्यावर घेऊन गावाबाहेरच्या लालबागच्या स्टेशनापर्यंत चालत यायचा, मी मागून पाण्याची सुरई घेऊन. काय दिवस होते ताई. तेव्हा आपल्याकडे काहीच नव्हतं आणि सगळ्यांना सगळं पुरत होतं.

तर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक अमेरिकन कादंबरी होती. लायब्ररीत तिची एकच प्रत, तिलाही वरचं कव्हर नाही आणि शेवटची तीसेक पानं नाहीत. (ती पानं कुणी नेली याचा तपास लागला नाही. प्रोफेसर म्हणाले, शेवट परीक्षेला येत नाही.) कौतिकचं आणि इंग्रजीचं जन्माचं वैर, म्हणून राजघाटाच्या पायऱ्यांवर बसून मी त्याला ती मराठीत सांगायचो आणि तो मला केळी सोलून द्यायचा. लाकडाच्या वखारीत काम करणारा एक गरीब पोरगा, नाव जेम्स. धान्याच्या अडत्याची मुलगी, नाव मार्था. कौतिकने पहिल्या दिवशीच त्यांची नावं जेम्या आणि मारथाबाई करून टाकली. मारथाबाई सावकारी पेढीच्या मालकाशी लग्न करते, जेम्या दूर निघून जातो, गडगंज पैसा मिळवतो (कसा, ते लेखक सांगत नाही, आपल्याकडचे पैसेवालेही सांगत नाहीत), परत येतो आणि गावातलं एकुलतं एक नाटकगृह विकत घेतो. दर शनिवारी सगळ्या गावाला फुकट नाटक. कशासाठी? ती एकदा तरी येईल म्हणून. आणि दोनशे बाराव्या पानावर एका शनिवारी मारथाबाई खरोखर येते, नाटकगृहाच्या पायरीवर पाय ठेवते, आणि पान संपतं. दोनशे तेरावं पान नाहीच.

आता आमच्या वर्गात जेम्याला नको तितकी सहानुभूती दाखवणारा एकच विद्यार्थी होता, आणि शनवारा भागातल्या कापडवाल्यांची मनकर्णा त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. तो तिच्याशी दोन वर्षांत एकदाच बोलला. ‘पेन पडला तुमचा’ असं म्हणाला. पेन तिचा नव्हता. त्याच वर्षी उन्हाळ्यात मनकर्णेचं लग्न झालं, नंदुरबारचे कडूभाऊ म्हणून पोस्टात कारकून होते त्यांच्याशी, आणि कौतिक राजघाटावर जो येऊन बसला तो उठेना. दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी त्याने मला फक्त एवढंच विचारलं, ‘मंग ती मारथाबाई आत गेली का नही?’ मी काय करणार होतो ताई? समोर मित्र असा बसलेला, मागे पुस्तकाला शेवट नाही. मी सांगितलं, गेली. सरळ आत गेली, पहिल्या रांगेत जेम्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, आणि घरी परत गेलीच नाही. कौतिक उठला, तापीत तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी केळीच्या ट्रकवर बसून दिल्लीला गेला.

पुढचं तू ऐकलंच असशील. आधी दलाली, मग स्वतःचे ट्रक, मग रोपांचा कारखाना, मग केळी पिकवण्याच्या गार खोल्या. आज फोपनारच्या रस्त्यावर त्याचा तीन मजली बंगला आहे, रंग पिकल्या केळीचा, आणि फाटकावर दोन्ही बाजूंना सिमेंटचे घड (पक्षी फसून चोच मारतात). लग्न केलं नाही. घरात तो आणि नव्वदीला टेकलेली मालूबाई, त्याची आत्या, जिला आता दिसतं कमी पण वाटतं जास्त. आणि गेली बारा वर्षं आखाजीला तो पंचक्रोशीला जेवण घालतो. धूलकोटपासून डोईफोडियापर्यंत निरोप जातात. खापरावरचे मांडे, आमरस, शहरातून आणलेले मावा जिलबीचे कारागीर, आणि अंगणातल्या कडुनिंबांना अकरा झोके, माहेरी आलेल्या लेकींसाठी. लोक म्हणतात, कौतिकशेठला पुण्य मिळवायची हौस. हौस कशाची ते फक्त मला माहीत. आखाजीला लेक माहेरी येते, मनकर्णेचं माहेर शनवाऱ्यात, कधीतरी येईल, कुणीतरी तिला म्हणेल की चल फोपनारला झोके बांधलेत. बारा वर्षं मी त्या जेवणावळीत बसून आमरस ओरपला, ताई, आणि प्रत्येक वाटीला मला वाटायचं की हा सगळा बंगला माझ्या एका खोट्या वाक्यावर उभा आहे. कादंबरीचा खरा शेवट शोधायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही.

आणि असल्या मामाने तुझ्या हिमानीला काय सांगितलं होतं ठाऊक आहे? तिने तुला सांगितलं नसेल, पोर चांगली आहे. लग्न ठरायच्या आधी तिने मला विचारलं होतं की मामा, पंकज सुरतेचा, घरचं साड्यांचं मोठं काम, पण मला तो मनापासून आवडतो, तुम्हाला काय वाटतं. मला वाटायचं कारण नव्हतं, पण विचारलं की शिक्षक गप्प बसत नाही. मी तिला तीच कादंबरी सांगितली. मारथाबाई पैशामागे गेली, नीती सोडली, आणि शेवटी त्याच पायरीवरून पडून मेली, असं ठणकावून सांगितलं. एकच पुस्तक, शेवट न वाचलेलं, मित्राला त्याचा गोड शेवट दिला आणि भाचीला कडू. हिमानी हसली आणि म्हणाली, मामा, त्यांच्या दुकानाला पायऱ्याच नाहीत. ते हसणं मला लागलं. स्पेलिंगचा राग नंतरचा आहे, ताई. खरा राग तो होता.

असो. यंदा चैत्रात कौतिक माझ्याकडे आला. गाडी इतकी मोठी की आमच्या गल्लीत शिरेना, म्हणून कोपऱ्यावर उतरून चालत आला. म्हणाला, मनकर्णेचा भाऊ वारला त्याला नऊ वर्षं झाली, शनवाऱ्यातलं दुकान भावजयीने विकलं, तिला आता माहेरी कुणी आणत नाही. तू जा. तुला ती ओळखते. कॉलेजच्या जुन्या मुलांचं संमेलन आहे असं सांग आणि घेऊन ये. मी म्हटलं, ती सासष्ट वर्षांची आहे, तिचा नवरा आहे, हे शोभतं का? नीतीवर मी बरंच बोललो (शाळेत मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडेच असायचा). कौतिकने समोरचा चहा संपवला. मग म्हणाला, ‘मले काही नको रे तिच्यापासून. एक डाव येऊन जाऊ दे, बस.’ हे म्हणताना त्याचा चेहरा राजघाटावरचाच होता, फक्त केस नव्हते. मी तिकीट काढलं.

नंदुरबारची गाडी अमळनेरवरूनच जाते. तुला काय सांगायचं, तुझ्या घराच्या गच्चीवरून ती दिसते. मी खिडकीत होतो. अमळनेर येताच मी खिडकीचं शटर खाली ओढलं, शेजारच्याने विचारलं ऊन लागतं का, मी हो म्हटलं. ऊन दुसऱ्या बाजूला होतं. दोन मिनिटं गाडी थांबली आणि ती दोन मिनिटं मी शटरकडे बघत बसलो. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला बाबांनी मलाच तुला आणायला धाडलं होतं, पंधरा वर्षांचा होतो, आणि तुझ्या सासूने विचारलं होतं की हा तिला नेणार की ती याला. ते आठवलं. गाडी हलली तेव्हा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

नंदुरबारला मनकर्णेचं दार वाजवलं. संमेलनाचं भाषण मी पाठ केलं होतं, सुरुवात-मध्य-शेवट सगळं. दार तिनेच उघडलं. केस पांढरे, चष्मा, हाताला पीठ. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की आज दिवस कोणता आहे. आखाजीला तीन दिवस होते. आपल्या भागात आखाजीच्या तीन दिवस आधी हातात पिशवी घेऊन बाईच्या दारात उभा राहिलेला पुरुष एकच असू शकतो, तिला माहेरी न्यायला आलेला मुऱ्हाळी. मग तो सख्खा असो, चुलत असो की शेजारचा, न्यायला आला म्हणजे भाऊ झाला. कॉलेज शिकलेल्या दोन शहाण्यांनी महिनाभर बेत केला आणि एवढी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. मनकर्णेने हळूच विचारलं, ‘न्यायले आला का अरविंदभाऊ?’ आणि ताई, तिचा आवाज असा होता की माझं सगळं संमेलन विरघळलं. मी म्हटलं, हो, न्यायला आलो.

मग काय विचारतेस. ती पदर डोळ्यांना लावून आत पळाली. कडूभाऊंनी मला पाटावर बसवलं, पायांवर पाणी घातलं, शेजारणींना हाका गेल्या की मुऱ्हाळी आला, मुऱ्हाळी आला. शेजारणी येऊन मला बघून गेल्या. एकीने सांगितलं की नऊ वर्षं ही बाई आखाजीच्या आठवड्यात दाराला आतून कडी लावून बसते, लोकांच्या लेकी निघालेल्या दिसू नयेत म्हणून. मला पुढ्यातल्या सांजोऱ्या खाव्याशा वाटेनात. (तरी चार खाल्ल्या.) कडूभाऊ स्वतःही निघाले. मुऱ्हाळ्याबरोबर जावई येत नाही, हे मी सुचवून पाहिलं, पण घरी एकटा काय करू म्हणाले, आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा पिशवीत टाकून आमच्या आधी रिक्षात बसले. कौतिकला फोन करून हे सगळं सांगावं असं तीनदा वाटलं. तीनदा मी फोन काढला आणि तीनदा वेळ पाहून ठेवून दिला.

परतीच्या गाडीत मनकर्णेने अख्ख्या डब्याला सांगितलं की माझा भाऊ मला न्यायला आला. एका बाईने मला केळं दिलं. आणि मग अमळनेर आलं. शटर ओढायला हात वर केला तर मनकर्णा म्हणाली, ‘अठी तर शारदाताई राह्यते ना? तिले नही घ्यायचं?’ मी म्हटलं, तिला वेळ नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मले न्यायले तू नंदुरबारपावतर आला, आन् सख्खी बहीन रस्त्यावर सोडून जाऊ राह्यला?’ कडूभाऊंनी तिला डोळ्याने दटावलं. मी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होतो, हे कडूभाऊंनी भुसावळला निदर्शनास आणलं.

तोवर दोघं आमच्याकडेच उतरली होती. आता आखाजीचा दिवस. कौतिक फाटकात उभा, अंगात रेशमी कुर्ता, कानात अत्तराचा फाया, अंगणात चारशे माणूस, अकरा झोके. गाडीतून आधी कडूभाऊ उतरले. कौतिकचा चेहरा पडला. मग मनकर्णा उतरली आणि तो चेहरा कुठे ठेवावा हे त्याला समजेना. तेवढ्यात मालूबाई काठी टेकत पुढे आली, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. तिने मनकर्णेवरून तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, तिचा चेहरा चाचपला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘कौतिक, तुही बहीन आली रे. पाय धुवाले पानी घाल तिले.’

चारशे माणसं बघत होती. मी कडुनिंबाच्या खोडामागे गेलो (खोड बारीक होतं). सेहेचाळीस वर्षं, दिल्लीचे ट्रक, तीन मजले, बारा जेवणावळी, सगळं एका तांब्याशी येऊन थांबलं. कौतिकने मालूबाईकडे पाहिलं, मग माझ्या खोडाकडे पाहिलं, मग तांब्या घेतला. वाकला. मनकर्णेच्या पायांवर पाणी घातलं. हळूहळू, सगळा तांब्या. उभा राहिला तेव्हा डोळे लाल होते, पण म्हणाला, ‘दमली असशील. चाल, आत बस.’ मनकर्णा ढसाढसा रडली. रडता रडता एवढंच म्हणाली की नऊ वर्षांनी कुणी असं म्हणालं.

उरलेला दिवस तिचाच होता. गार खोल्या दाखवल्या तर तिला थंडी वाजली, मोठी गाडी दाखवली तर तिला चढता येईना, बंगला बघून म्हणाली, झाडायला किती बायका लागत असतील. पैशाने दाखवण्यासारखं जे काही होतं ते तिने अर्ध्या तासात बघून संपवलं आणि झोक्यावर जाऊन बसली ती सूर्य मावळेपर्यंत. कडूभाऊंनी मावा जिलबीच्या कढईशेजारी खुर्ची टाकून घेतली. मी गोळ्यांच्या डब्याची आठवण करून दिली तर म्हणाले, नावात एवढा कडूपणा आहे, थोडं गोड चालतं. झोका देता देता मी मनकर्णेला अखेर विचारलं, तुला कौतिकचं तेव्हा ठाऊक होतं? ती म्हणाली, दुकानावरून दिवसातून तीनदा सायकल गेली तर कापडवाल्यांच्या मुलीला कळत नाही होय? मी विचारलं, मग? ती हसली. म्हणाली, तेव्हा बोलला असता तर माझ्या बापाने त्याला मारलं असतं, आता बोलला तर माझे गुडघे दुखतात. आणि मग झोका थांबवून, अगदी गंभीरपणे, ‘नवरा हाये मले, भाऊ. चांगला हाये. माहेर नव्हतं.’ निघताना कौतिकने तिची ओटी भरली, महेश्वरी साडी दिली, आणि पुढच्या वर्षी आपण स्वतः न्यायला येऊ म्हणाला. म्हणताना अडखळला नाही. मी कान देऊन ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासणाऱ्या बायका अंगणात होत्या, आम्ही दोघं एका झोक्यावर. मी कबुली दिली. सगळं सांगितलं, दोनशे तेरावं पान नव्हतं, शेवट मी रचला, तुझं आयुष्य मी फुकट घालवलं. कौतिक पायाने माती उकरत होता. म्हणाला, मला ठाऊक आहे. तीस वर्षांपूर्वी त्याला मुंबईच्या फुटपाथवर ती कादंबरी सापडली होती, अख्खी, आणि एका वकिलाला बसवून त्याने शेवट वाचून घेतला होता. मारथाबाई पायरीवरून परत फिरते. जेम्या पुढच्या शनिवारचं नाटक चालू ठेवतो. बस, एवढंच. ‘दोन दिस जेवन गेलं नही मले,’ कौतिक म्हणाला. ‘मंग म्हनलं, ह्याच्यापेक्षा आपल्या अरविंदचा बरा. तोच धरून चाललो.’ मी विचारलं, आणि काल? त्याने पायाने झोक्याला हलका रेटा दिला. मग म्हणाला, ‘पायरी तर चढली ना ती.’ आणि मला म्हणाला, ऊठ, जिलबी उरली आहे, कमलवहिनीला घेऊन जा.

ताई, त्या दिवसापासून मी विचार करतो आहे. पैसा, प्रेम, नीती यांवर मी एकतीस वर्षं बोललो आणि पोरांच्या वह्या तपासल्या. यातलं ज्याला काही कळत नाही असं मी समजत होतो, त्याने तांब्याभर पाण्यात सगळं सोडवून दाखवलं. आणि मी एका स्पेलिंगवर सात वर्षं अडून बसलो. चूक माझी होती. हिमानीची मी वेगळी क्षमा मागणार आहे, तिला आधी सांग की लेक्चर नसेल. तुझी इथेच मागतो. मला तुझी आठवण येते. रोज येते असं नाही, पण जेव्हा येते तेव्हा दिवसभर जात नाही. दाजींना नमस्कार, रोहितला आशीर्वाद (आणि त्या यादीतून काढ म्हणावं).

तुझा,
अरविंद

ता. क. पत्र पूर्ण करून कमलला वाचून दाखवलं. तिने मध्येच थांबवलं आणि म्हणाली, हे सगळं ताईंना माहीत आहे. सात वर्षं दर रविवारी सकाळी मी राजघाटावर फिरायला गेलो की तुम्ही दोघी तासभर बोलता म्हणे. मनकर्णेची हकिकत तुला घडली त्याच आठवड्यात कळली, उलट्या वर्तमानपत्रासकट. एवढी पानं लिहिली आणि बातमी एकही नाही. तरी पाठवतो आहे, शुद्धलेखन वाया जाऊ नये म्हणून.

ता. क. दुसरा. कमलने कपाटातून पत्रिकेची, तू तिला नंतर धाडलेली, दुसरी प्रत काढून दिली. शब्दकोश घेऊन बसलो. सातपैकी दोन चुका चुका नव्हत्याच. दहापैकी सहा असायला हवे होते. सुधारून घे.

ता. क. तिसरा. (पेन बदलला आहे, कारण जागा बदलली.) हे पत्र टपालात टाकणार होतो, टाकलं नाही. अमळनेर स्टेशनच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. आखाजी होऊन गेली हे मला कळतं, पण आंबे अजून आहेत आणि कमल कालपासून पुरण घेऊन बसली आहे. दारात पाऊल ठेवायचं नाही असं तू सांगितलंस, म्हणून दाराशी आलो नाही. पत्र रिक्षावाल्याच्या हाती धाडतो, त्याला पाणी दे, फार ऊन आहे. रिक्षा रिकामी परत आली तर मी काही म्हणणार नाही, चहा घेईन आणि संध्याकाळच्या गाडीने जाईन. पण परतीची तिकिटं मी दोन काढली आहेत, ताई. खिडकीची तुझी.